पाच हजार वर्षांची लगोरी

परवा तुमच्या शाळेत शोकसभा झाली. तालुक्याहून आलेले एक पाहुणे बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "सरांनी पाच हजार वर्षांचा खेळ या मातीत जिवंत ठेवला." माझी मान सवयीनं डावीकडं वळली. बघा, परत तेच, असं तुम्हाला खुणावायला. डावीकडं प्लास्टिकची खुर्ची होती आणि तिच्यावर कुणीतरी हारांची पिशवी ठेवली होती.

पाहुणे परगावचे. गावात काय घडलं ते त्यांना कुणी सांगितलं नसावं. पुढं बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. मागच्या रांगेत बालाजी बसला होता, तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता तुम्ही असता तर माईक ओढून घेतला असता. किंवा नसताही घेतला. हे तुमचं मला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून तुमच्याशीच बोलते. आपली सवयच ती, समोरासमोर भांडायची.

आपल्या भांडणाची सुरुवात आठवते? लग्नानंतर पहिल्यांदा तुम्ही मला तुमची शाळा दाखवायला नेलंत. तामलवाडीच्या पुढं उतरून, बांधाबांधानं चालत. व्हरांड्याच्या भिंतीवर तुम्ही पोरांकडून चित्र काढून घेतलं होतं. बाळकृष्ण, हातात चेंडू, पुढ्यात रचलेले सात चपटे दगड. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'लगोरी : पाच हजार वर्षांचा वारसा.' मी नुकतीच धाराशिवच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला लागले होते. अंगात नवा जोर होता.

"हे कुठं लिहिलंय?" मी विचारलं.

"असंल की पोथीत कुठंतरी."

"कुठल्या पोथीत?"

"तू संस्कृतची. तूच शोध."

मी शोधलं. खरंच शोधलं. कॉलेजच्या लायब्ररीत बसून, एसटीत मांडीवर पुस्तक घेऊन. चेंडू सापडला. गोपाळ सापडले, गायी सापडल्या, यमुनेचा डोह सापडला. एकावर एक रचलेले सात दगड काही सापडले नाहीत. मी तुम्हाला तसं सांगितलं तेव्हा तुम्ही भाकरी मोडत होता. मान वर न करता म्हणालात, "चेंडू हाय म्हणतीस ना? मग नदीकाठाला दगडं काय लांब असत्यात व्हय?"

मला हसू आलं आणि रागही आला. आपल्या संसारात ही दोन्ही बहुतेक वेळा एकदमच यायची.

पण तुम्ही ते वाक्य कशासाठी धरून ठेवलं होतं, ते मला नंतर पालकसभेत कळलं. मी मागं बसले होते. तुम्ही मुलींचा लगोरीचा संघ काढायचा म्हणत होता आणि एक बाप उभा राहून म्हणाला, "सर, पोरीच्या जातीनं उघड्या माळावर उड्या मारायच्या का? गाव काय म्हणंल?" दोघातिघांनी माना हलवल्या. एक जण पोरीचा दाखलाच काढायची भाषा बोलला. मग म्हणालात, "देवानं खेळलेला खेळ हाय, अण्णा. पाच हजार वर्षांचा. गोकुळातल्या पोरीबी खेळल्या असतील की. देवाच्या खेळाला नाही म्हणायचं असंल तर तुमी म्हणा, म्या न्हाय म्हणणार."

कुणी नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मुली शाळेपुढच्या माळावर यायला लागल्या. बोलताना तुम्ही माझ्याकडं बघायचं टाळलंत, ते मी पाहिलं होतं. तरी त्यावरून मी कधी भांडले नाही. एका फ्रॉकवाल्या पोरीनं चेंडू मारून लगोरी फोडली आणि दोन वेण्या उडवत धावली, ते मी बांधावर उभी राहून बघितलं होतं. त्यावर कसला पुरावा मागायचा?

तरीही मला भीती वाटायची. खोटं म्हणा, ऐकीव म्हणा, ते एकदा तोंडातून सुटलं की आपलं राहत नाही. मी तसं म्हणायचे आणि तुम्ही म्हणायचात, "मास्तरीण बोलायली."

मागच्या स्नेहसंमेलनात तुम्ही रंगात आलात. माळावर मांडव, पुढं सगळं गाव. कोपऱ्यात तुमचे नेहमीचे सात दगड रचलेले होते. बोलता बोलता तुम्ही तिकडं हात केलात आणि म्हणालात, "कुणास ठाऊक, ही दगडंबी त्याच काळातली असतील!" लोक हसले. तुम्हीही हसलात. बालाजी मात्र हसला नाही. त्यानं मोबाईल काढून दगडांचा फोटो घेतला.

बालाजी तुमच्या पहिल्या संघाचा कर्णधार. आता त्याला स्वतःची मुलगी आहे, गावातलं तरुण मंडळ त्याच्या शब्दावर चालतं. चार दिवसांत तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. 'आपल्या गावात श्रीकृष्णाची लगोरी.' एका सकाळी तुम्ही शाळेत गेलात तर दगडांना शेंदूर लावलेला. पुढच्या आठवड्यात खाली सिमेंटचा चौथरा, वर भगवा झेंडा. गोकुळाष्टमीला तेरखेड्याहून फटाके आणले. मग तारेचं कुंपण आलं, आणि त्या कुंपणानं माळाची मधली सगळी जागा घेतली.

तुम्ही म्हणालात, "जाऊ दे. पोरांची हौस हाय. थंडावंल."

थंडावलं नाही. आधी पोरं कडेकडेनं खेळत होती. मग निरोप आला, चपला घालून इकडं यायचं नाही. मग चेंडू कुंपणात आला तर परत मिळणार नाही. मग मुलींनी या बाजूला फिरकायचं नाही. ज्या वाक्यानं तुम्ही मुलींना माळावर आणलं, त्याच वाक्यानं त्यांना माळावरून काढलं. हे मी तुम्हाला म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती. तुम्ही खेळाचा तास रस्त्याच्या कडेला घ्यायला लागला होता आणि ट्रक आला की शिट्टी वाजवून पोरांना बाजूला करत होता. घरी आल्यावर जेवताना तुमचा घास हातातच राहायचा.

मग राणीचं झालं. सातवीतली पोर. चेंडू आत गेला म्हणून तारेखालून सरपटत आत गेली. मंडळातल्या कुणीतरी तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती चौथऱ्याच्या कडेवर पडली आणि तिचा हात मोडला. तुम्ही तिला मोटारसायकलवर पुढं बसवून सोलापूरला नेलंत. परत आलात तेव्हा शर्टाला शेंदूर लागला होता, तिच्या हाताचा. तुम्ही तो शर्ट काढला नाही. पाणी प्यायलात आणि म्हणालात, "आरतीला जाऊन येतो."

मी दारात उभी राहिले. आयुष्यभर तुमच्याकडं पुरावा मागणारी मी, त्या संध्याकाळी तुमची वाट अडवून उभी होते.

"अहो, आज नका जाऊ. पोरं तापलेली हायत."

"तू म्हणत आलीस ते खरंय का न्हाय?"

"खरंय. पण ते घरात म्हणत होते मी."

"मग आता बाहेर म्हणाया पायजे," तुम्ही म्हणालात आणि माझा हात हळूच बाजूला केलात.

मी कुलूप लावलं आणि मागोमाग निघाले.

माळावर चांगलीच गर्दी होती. राणीची बातमी सगळीकडं पोचली होती, त्यामुळं एरवी आरतीला न येणारेही आले होते. कुणी तिच्या बाजूनं, कुणी दगडांच्या. बालाजीच्या हातात ताट होतं, कापूर पेटलेला. तुम्ही चपला बाहेर काढल्यात, कुंपणाच्या आत गेलात, वाकून नमस्कार केलात. मग वळून म्हणालात, "आरतीच्या आधी मला दोन शब्द बोलायचेत."

तुमचा आवाज नेहमीचा मैदानावरचा नव्हता. मला दूरवरून नीट ऐकू येईना म्हणून मी पुढं सरकले.

"ही दगडं म्या आणलीत," तुम्ही म्हणालात. "पहिला संघ काढला तवा. सहा वढ्यातून उचलली, आन् सगळ्यात खालचा दगड न्हाय, फरशी हाय. शाळेच्या व्हरांड्याची शहाबादी फरशी फुटली होती, तिचा तुकडा. देवाचा आन् या दगडांचा संबंध न्हाय. संबंध माझ्या तोंडानं लावला."

सुरुवातीला कुणाला कळलंच नाही. मग मागून एक आवाज आला, "सर, तोंड सांभाळून बोला." दुसरा म्हणाला, "कुणाचं ऐकून बोलायला लागलेत?" गर्दी पुढं दाटली. एका पोरानं तुमची कॉलर धरली. धक्काबुक्कीत तुमच्या तोंडाला लागलं, चष्मा खाली पडला आणि कुणाच्या तरी पायाखाली त्याचा आवाज आला. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

बालाजीनं त्या पोराचा हात झटकला. पण तो तुमच्या बाजूनं बोलला नाही. ताट तसंच हातात धरून त्यानं तुम्हाला विचारलं, "मग पाच हजार वर्षांचं कुणी सांगितलं सर? मी चौथीत होतो. पहिल्या रांगेत बसलो होतो. तुमीच सांगितलं. ते मी माझ्या पोरीला सांगितलं. तवा खोटं बोललात का आत्ता बोलताय?"

तुम्ही डोळे बारीक करून त्याच्याकडं बघत होता. चष्म्याशिवाय तुम्हाला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता.

"तवा मला ठाव नव्हतं, बालाजी. ऐकलेलं सांगितलं. तपासलं न्हाय. तुमच्या मॅडमनी सांगितलं होतं तपासून, ते ऐकलं न्हाय."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. राणीची आजी पुढं होती. म्हणाली, "मॅडम, तुमी शिकलेल्या. पोथीत हाय का न्हाय ते सांगा एकदा."

मी म्हणाले, "देव चेंडू खेळलाय. ते आहे. सात दगडांचं मला कुठं सापडलं नाही. मी बरीच वर्षं बघतेय."

"न्हाय म्हंजे न्हायच का?"

"नाही म्हणजे मला सापडलं नाही. एवढंच मी सांगू शकते."

तेव्हा मारुतीच्या देवळाचे महादू गुरव गर्दीतून आत आले. वयानं थकलेले, पण गावात त्यांच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही. त्यांनी बालाजीच्या हातातलं ताट घेऊन चौथऱ्यावर ठेवलं. म्हणाले, "शेंदूर लागलेल्या दगडाला उगं कुणी हात लावायचा नसतो. म्या लावतो. माझं काय व्हायचं ते हुईल." आणि त्यांनी एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला. शेवटचा उचलून उलटा केला.

खालच्या बाजूला शेंदूर पोचला नव्हता. निळसर करडी फरशी, एक कड सरळ यंत्रानं कापलेली, आणि तिला चिकटलेला जुन्या सिमेंटचा गोळा. गावातल्या निम्म्या घरांत तसलीच फरशी आहे. कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मला वाटलं होतं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. हसले असते तर मी त्यांना माफ केलं नसतं. बालाजी त्या फरशीकडं बघत उभा होता आणि त्याचा खालचा ओठ लहान पोरासारखा थरथरत होता.

गुरव म्हणाले, "आता शेंदूर लागलाय, तर रस्त्यात टाकायचं न्हाय. उद्या सकाळी वढ्याला सोडू. रीतीनं."

सकाळी दगड ओढ्यात सोडले. तुम्ही गेला होता. चेहरा सुजलेला, नाकावर जुना चष्मा. कुंपणाच्या तारा मंडळाच्या पोरांनीच काढल्या, पण तुमच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. बालाजी आला नाही.

लोकांना वाटतं, तिथं सगळं मिटलं. मिटलं नव्हतं, ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. तुमचा नंबर कुणीतरी ग्रुपवर टाकला. कुठून कुठून फोन यायचे. देवाचा अपमान केला म्हणणारे, घरी येऊन बघून घेतो म्हणणारे. तुम्ही प्रत्येक फोन उचलायचात. मी म्हणायचे, बंद करून ठेवा. तुम्ही म्हणायचात, "थोडं ऐकून घेत्यात गं. शिव्या दिऊन झाल्यावर घेत्यात." मुख्याध्यापकांनी तुम्हाला काही दिवस घरीच राहा म्हणून सांगितलं. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तरी मी खिडकीशी जायचे. तुम्ही अंगणात बसून पोरांचे जुने चेंडू शिवत राहायचात, दार उघडं टाकून.

आणि एवढं सगळं होऊन तुम्ही मला पुन्हा तेच म्हणालात! शेवटच्या संध्याकाळी. मी कणीक मळत होते.

"म्या पुरावा न्हाय म्हणलो. खेळ जुना न्हाय असं कुठं म्हणलो?"

मी परात बाजूला सारली. "अहो, आता तरी!"

"आता तरी काय? पोरं हायत तितं दगड हायत. दगड हायत तितं एकावर एक रचणार. रचलं की दुसरा पाडणार. ह्याला लिहून ठिवायला कोण बसतंय? लिहिणाऱ्यांनी राजे लिहिले, लढाया लिहिल्या. पोरं काय खेळत्यात ते कशाला लिहितील?"

"मग पाच हजारच का? तीनशे का नाही? दहा हजार का नाही?"

"ते आकड्याचं चुकलंच माझं," तुम्ही म्हणालात. वर पुन्हा, "पण जुना हाय."

मी म्हणाले, "वाटणं आणि असणं यांत फरक असतो." तुम्ही म्हणालात, "असतो की. म्हणून तर तुला शोध म्हणतोय." मनात एक उत्तर होतं, चांगलं बिनतोड होतं. उद्या देऊ म्हटलं.

सकाळी बूट घालायला तुम्ही पायरीवर बसलात. शाळेनं परत बोलावलं होतं. पहिलाच दिवस. "छातीत भरल्यागत हुतंय," म्हणालात आणि भिंतीला टेकलात. शेजाऱ्यांच्या जीपमधून आपण सोलापूरच्या रस्त्याला लागलो. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी बोलत होते, सारखी बोलत होते. पण त्या बिनतोड उत्तराचा पत्ताच नव्हता. मी म्हणत होते, असंल जुना, असंल जुना, तुम्ही डोळे उघडा. तुम्ही ऐकलंत का, माहीत नाही. दवाखान्यात पोचण्याआधीच संपलं होतं.

आता लोक म्हणतात, त्या प्रकरणानं सरांचा जीव घेतला. भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज खाली करून हेच म्हणतो. मलाही असं म्हणावंसं वाटतं. कुणावर तरी राग ठेवला की बसायला आधार मिळतो.

दहाव्यानंतर बालाजी आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दाढी वाढलेली. मी बस म्हटलं, बसला नाही.

"मॅडम, एकच विचारायचंय. लोक म्हणत्यात ते खरंय का? माझ्यापायी गेले का सर?"

तुम्हाला खरं सांगते, व्हय म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. राणीचा मोडलेला हात, पायाखाली गेलेला चष्मा, ते फोन, सगळं एकदम वर आलं. समोर तो पोरगा तुमच्या पहिल्या संघाचा, चौथीत पहिल्या रांगेत बसणारा. मी सांगितलेलं तो खरं मानणार होता. जन्मभर मानणार होता, जसं तुमचं मानलं तसं.

मी म्हणाले, "तसं म्हणायला काही पुरावा नाही, बालाजी. त्यांना आधीपासून धाप लागायची. डॉक्टरकडं जा म्हटलं तर जात नव्हते. कशानं गेले, कुणाला ठाऊक नाही."

तो खाली बसला आणि रडला. मीही रडले. पुरावा या शब्दावरून मी तुम्हाला किती टोचलं असेल, आणि तो शब्द असा कुणाच्या डोक्यावरून हात फिरवायला उपयोगी पडेल, हे मला ठाऊक नव्हतं. हे शिकवलंत तुम्ही. त्या संध्याकाळी, अनवाणी उभं राहून. त्याबद्दल तुम्हाला काही म्हणायचं राहून गेलं. आपल्यात तसं म्हणायची पद्धतच नव्हती.

आज तुमचं कपाट आवरायला शाळेत गेले होते. परत येताना माळावर थांबले. पोरी खेळत होत्या, आणि शिट्टी बालाजीच्या गळ्यात होती. मी त्याला विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. राणी हात गळ्यात अडकवून कडेला बसून ओरडत होती, दुसऱ्या संघाची चूक काढत होती. चौथरा अजून फोडलेला नाही. पोरी त्याच्यावर दप्तरं ठेवतात.

पहिलीतली एक नवी पोर बालाजीजवळ आली आणि तिनं विचारलं, "हा खेळ कुणी काढला?"

बालाजीनं माझ्याकडं पाहिलं नाही. मी मागं उभी आहे हे त्याला माहीतच नव्हतं. तो म्हणाला, "आपल्या सरांनी."

मला सांगा, काय करायचं होतं मी? पोर मान हलवून निघाली होती. उद्या ती घरी सांगणार, परवा तिची भावंडं सांगणार. तुमचं नाव किती वर्षं राहिलं असतं! गप्प राहणं फार सोपं होतं.

मी तिला हाक मारली. म्हणाले, "नाही गं बाळा. सरांच्याही आधीपासूनचा आहे. सर लहान होते तेव्हापण खेळायचे."

"म्हंजे किती जुना?"

बालाजी वळून माझ्याकडं बघत होता.

"लई जुना," मी म्हणाले. "किती, ते कुणालाच ठाऊक नाही."